बोलायला शिकवणारे प्राचार्य

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक युग आणि आजचा विद्यार्थी'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हणून तो दिला, हे उघड आहे. पण कार्यक्रमपत्रिकेत शेवटी एक ठराव आहे, शाळेची वक्तृत्व स्पर्धा पुन्हा सुरू करण्याचा. त्यासाठी निधीही जमू लागला आहे. तो ठराव वाचला आणि मी विषय बदलून मागितला. स्पर्धा सुरू करण्याआधी आपण एका माणसाची आठवण काढावी, असे मला वाटले. ते आपल्या शाळेचे नव्हते आणि वडगावचेही नव्हते. पण बोलणे ही काय चीज आहे, हे महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना त्यांनी दाखवले. ते म्हणजे प्राचार्य शिवाजीराव भोसले.

आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे नाव ऐकले असेल. काहींच्या घरी त्यांच्या व्याख्यानांच्या कॅसेट होत्या. नव्या मुलांना मात्र विचारले तर बहुतेकांना नाव माहीत नसते. म्हणून आधी थोडी ओळख करून देते.

शिवाजीरावांचा जन्म १५ जुलै १९२७ चा. गाव सातारा जिल्ह्यातले कलेढोण, खटाव तालुक्यातले. म्हणजे दुष्काळी पट्टा. आपल्यासारखे वारणेचे पाणी आणि उसाचे फड तिथे नाहीत. तत्त्वज्ञान हा त्यांचा अभ्यासाचा विषय. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि पुढे तिथेच दीर्घकाळ प्राचार्य राहिले. १९८८ मध्ये ते औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २९ जून २०१० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कुलगुरुपद प्राचार्यपदापेक्षा मोठे. एकदा माणूस कुलगुरू झाला की लोक त्याला आयुष्यभर 'माजी कुलगुरू' म्हणतात. शिवाजीरावांच्या बाबतीत तसे झाले नाही. मोठे पद मिळाले तरी लोकांच्या तोंडी ते 'प्राचार्य'च राहिले. पुस्तकांवर प्राचार्य, व्याख्यानमालेच्या फलकावर प्राचार्य. मला यात एक अर्थ दिसतो. लोकांनी त्यांना ऐकले ते शिक्षक म्हणून. सभागृहात दोनशे माणसे असोत की मैदानात काही हजार, समोर एक वर्ग बसला आहे अशाच रीतीने ते बोलत आणि लोकही वर्गात बसल्यासारखे ऐकत.

फलटण हे निंबाळकरांच्या संस्थानाचे गाव, सईबाई राणीसाहेबांचे माहेर. पण शेवटी तालुक्याचेच गाव. पुण्या-मुंबईचे मोठे महाविद्यालय नाही, विद्यापीठाचा परिसर नाही. अशा गावात राहून एक प्राध्यापक महाराष्ट्रभर फिरतो आणि ज्ञानेश्वर, शिवछत्रपती, विवेकानंद, योगी अरविंद यांच्यावर बोलतो. गावोगावच्या व्याख्यानमाला त्यांच्या तारखेसाठी थांबतात. पेठ वडगावमध्ये बसून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चांगले बोलणे आणि चांगला विचार ही शहराची मक्तेदारी आहे, असे आपल्या मनात कुठेतरी घट्ट बसलेले असते. या माणसाचे आयुष्य म्हणजे त्या समजुतीला दिलेले उत्तर आहे.

आता त्यांच्या बोलण्याविषयी. त्यांच्या ध्वनिफिती आज मोबाइलवरही ऐकायला मिळतात. ठराव मंजूर करण्याआधी प्रत्येकाने एक तरी ऐकावी, अशी माझी विनंती आहे. पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या लक्षात येईल की हा माणूस ओरडत नाही. हातात कागद नसतो. भाषा संस्कृतकडे झुकणारी, पण वाक्ये सुटसुटीत. आवाज संथ लयीत चालतो, एक कल्पना पुरती मांडून झाल्याशिवाय दुसरीला हात घालत नाही. टाळ्या मिळाव्यात म्हणून वाक्य टाकलेले नसते.

महाराष्ट्राला दुसऱ्या प्रकारच्या वक्तृत्वाचीही मोठी परंपरा आहे. आचार्य अत्रे घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांनी सभा हलवून सोडल्या. विनोद, टोला, हशा आणि टाळ्या. गंमत म्हणजे अत्रेही मुळात शिक्षक. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. त्यांची रीत आणि शिवाजीरावांची रीत अगदी वेगळी. लढ्याच्या दिवसांत अत्रेच हवेत, यात वाद नाही. पण वर्षाचे सगळेच दिवस लढ्याचे नसतात. उरलेल्या दिवसांत माणसाने कसे बोलावे, हे शिवाजीरावांकडून घ्यावे.

या संथ आवाजाबद्दल मला एक योगायोग सापडला. शिवाजीराव जन्मले त्यानंतर आठच दिवसांनी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले. म्हणजे ते आणि आपल्याकडचे नियमित प्रसारण जवळजवळ एकाच आठवड्याचे. योगायोग म्हणून सोडून द्या, पण त्यात एक मुद्दा आहे. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा वक्त्याला शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी घसा ताणावाच लागे. त्यामुळे वाक्य मोठे, हातवारे मोठे, सूर चढा. मायक्रोफोन आला आणि हळू बोलणाऱ्यालाही हजारांशी बोलता येऊ लागले. रेडिओने त्याही पुढे जाऊन सांगितले की तुमचे बोलणे लाखो जण ऐकत असतील, पण ऐकणारा आपल्या घरात एकटा आहे. तेव्हा त्या एकाशी बोला.

ज्यांनी आकाशवाणीवर चांगले काम केले त्यांना हे कळले होते. पु. ल. देशपांडे आधी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते, १९५५ मध्ये ते आकाशवाणीत गेले. बाळ कुडतरकरांचा आवाज तर आपल्या आई-वडिलांच्या पिढीला घरातल्या माणसासारखा ओळखीचा होता. आपल्या भागापुरते बोलायचे तर १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि वडगावच्या स्वयंपाकघरांत, पानपट्ट्यांवर, गुऱ्हाळांवर स्वच्छ मराठी ऐकू येऊ लागले. आपल्यातल्या कितीतरी जणांचे उच्चार सुधारले ते सांगली केंद्राच्या बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रम ऐकून. त्या निवेदकांनी कधी आपल्याला शिकवायला घेतले नव्हते. पण ते नीट बोलत होते आणि आपण ऐकत होतो.

शिवाजीरावांचे व्यासपीठावरचे बोलणे मला या कुळातले वाटते. समोर गर्दी असली तरी ते एकाशी बोलतात, आणि तो एक विचार करू शकतो असे गृहीत धरतात. ऐकणाऱ्याला त्याहून मोठा मान कोणता?

आता आपल्या शाळेकडे येते. आपल्या वेळची वक्तृत्व स्पर्धा आठवा. एक ऑगस्टला लोकमान्य टिळक. शेंगांच्या टरफलांची गोष्ट एका सकाळी अकरा वेळा ऐकलेली. सुरुवात ठरलेली. अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती. मग दोन शब्दांऐवजी चार पाने, तीही मोठ्या भावाने किंवा शेजारच्या काकांनी लिहून दिलेली. मधेच एक ओळ विसरली की डोळे छताकडे. शेवटी जय हिंद, जय महाराष्ट्र आणि पळत जाऊन जागेवर बसायचे. आज हसू येते, पण त्या पाठांतराने भीती थोडी मोडली हेही खरे आहे. मी त्याची टिंगल करत नाही.

पण आपल्याला शिकवणाऱ्या मराठीच्या सरांना तेवढ्यावर समाधान नव्हते, हे तुम्हाला आठवत असेल. तालुका पातळीवर जाणाऱ्या मुलांना ते शाळा सुटल्यावर थांबवून घेत. आपण फळ्यापाशी उभे, आणि सर सगळ्यात शेवटच्या बाकावर. चार वाक्ये झाली की म्हणायचे, "मला ऐकू येत नाही." आपण आवाज चढवला की पुन्हा म्हणायचे, "ओरडू नकोस. मला समजत नाही, म्हणून ऐकू येत नाही. कागद खाली ठेव आणि मला सांग." कागद खाली ठेवला की निम्म्या मुलांची बोलती बंद व्हायची. कारण भाषण पाठ होते, विषय माहीत नव्हता. सर मग खवळायचे नाहीत, प्रश्न विचारायचे. टिळकांना शिक्षा का झाली? ते काय लिहीत होते? तुला ते पटते का? असे अर्धा तास बोलून झाल्यावर म्हणायचे, "हे आत्ता बोललास ना, हेच तुझे भाषण."

सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना आता खरोखरच ऐकू कमी येते. म्हणून सर, मी मुद्दाम हळू आणि सुटे सुटे बोलते आहे. मागच्या बाकापर्यंत जात असेल, अशी आशा आहे.

शिवाजीरावांची पहिली कॅसेट मला सरांनीच दिली. सोबत त्यांचे एक पुस्तकही होते, 'कथा वक्तृत्वाची'. ज्या माणसाने हजारो व्यासपीठे पाहिली त्याने बोलण्याच्या कलेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, याचा अर्थ ही कला शिकण्यासारखी आणि शिकवण्यासारखी आहे, असे त्याला वाटत होते. ती उपजत देणगी आहे, काहींना असते आणि काहींना नसते, असे म्हटले की शाळेची जबाबदारी संपते. शिकता येते म्हटले की जबाबदारी सुरू होते.

आणखी एक गोष्ट. शिवाजीराव तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. 'देशोदेशीचे दार्शनिक' या नावाचे त्यांचे पुस्तक आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला एक सवय असावीच लागते. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत तिला पूर्वपक्ष म्हणतात. ज्याचे मत खोडायचे आहे त्याचे मत आधी मांडायचे. तेही वाकडे करून नव्हे, तर तो स्वतः मांडेल त्याहून चांगले. 'होय, माझे म्हणणे हेच आहे' असे त्याने कबूल केले की मगच आपले उत्तर द्यायचे. उत्तरपक्षाला वजन येते ते पूर्वपक्ष प्रामाणिक असल्यामुळे. वादविवाद स्पर्धेचा सारा अभ्यास या एका सवयीत आहे.

आपल्या सरांनी हे शास्त्र म्हणून कधी सांगितले नाही, पण चिठ्ठ्या टाकून करून घेतले. विषय आधी कळायचा, बाजू मात्र चिठ्ठीत जी निघेल ती. एकदा विषय होता उसाला पाणी पाटाने द्यावे की ठिबकने. आपल्या वर्गातल्या एकाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पाटाचे पाणी, आणि चिठ्ठी निघाली ठिबकची. घरी वडील म्हणाले, "ते असलं काय बोलायचं न्हाई." हा पठ्ठ्या तीन दिवस सायकलवरून ठिबक बसवलेल्या एका शेतकऱ्याच्या रानात जात होता. नळी कशी चोंदते, खत पाण्यातून कसे सोडतात, जास्त पाण्याने जमीन कशी खारवटते, सगळे विचारून आला. स्पर्धेत त्याचा दुसरा नंबर आला. आज तो चौथ्या रांगेत बसला आहे आणि त्याच्या रानात ठिबक आहे. स्पर्धेमुळेच बसले, असे मी म्हणणार नाही, त्यात अनुदानाचाही हात असेल. पण समोरच्याची बाजू त्याच्या बांधावर जाऊन समजून घ्यायची असते, हे तो तेव्हा शिकला.

याची गरज मुलांइतकीच आपल्यालाही आहे. आपल्या बॅचचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. निवडणुका आल्या की त्यात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. गेल्या काही वर्षांत तिघे-चौघे ग्रुप सोडून गेले. तीस वर्षांची मैत्री, एका डब्यातली भाकरी खाल्लेली, आणि कुणीतरी पुढे पाठवलेल्या एका मजकुरावरून बोलणे बंद. त्यातले दोघे आज आले आहेत याचा मला फार आनंद आहे. मी कुणाची बाजू घेत नाही. एवढेच म्हणते की त्या भांडणात पूर्वपक्ष कुणीच मांडला नव्हता. प्रत्येक जण आपापले भाषण पाठ करून आला होता.

बोलता येणे ही शोभेची वस्तू नाही, हे आपल्या तालुक्याला तरी सांगायला नको. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात मार्च १९२० मध्ये परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते, वय अवघे अठ्ठावीस. राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा नेता मिळाला आहे. त्याआधी दोनच महिने, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांचे पाक्षिक सुरू झाले होते. त्याचे नाव 'मूकनायक'. ज्यांना हजारो वर्षे बोलू दिले नाही त्यांचा नायक. वडगावपासून काही कोसांवर हे घडले. कोण बोलतो आणि कुणाला बोलू दिले जात नाही, यावर इथल्या माणसांचे आयुष्य ठरत आले आहे.

आजही ठरते. माझ्या नोकरीत नव्या मुलांच्या मुलाखती घेणे हा कामाचाच भाग आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यात आपल्याच जिल्ह्यातली एक मुलगी मुलाखतीला आली. दिलेला प्रोग्रॅम तिने बरोबर लिहिला, आणि आमच्या अपेक्षेपेक्षा कमी ओळींत. पण 'हा मार्ग का निवडलास' असे विचारले की खाली मान घालून गप्प. माझ्या सहकाऱ्याने कागदावर फुली मारायला पेन उचलले होते. मी तिला म्हटले, "बाळ, मराठीत सांग. तुझ्या धाकट्या भावाला सांगतेस असं समज." चार मिनिटे ती न थांबता बोलली. दुसरा मार्ग कुठे अडतो तेही तिने सांगितले, म्हणजे न विचारता पूर्वपक्ष मांडला. तिला आम्ही घेतले. ती आज उत्तम काम करते.

पण मला झोप येत नाही ती दुसऱ्याच विचाराने. त्या दिवशी त्या टेबलावर मराठी समजणारे कुणी नसते तर? अशा किती मुली आणि किती मुले फुली घेऊन एस.टी.ने परत आली असतील? त्यांना येत नव्हते असे नाही. येत होते, सांगता येत नव्हते. आणि ते सांगता येत नव्हते, कारण वीस-बावीस वर्षांत 'तू सांग, मी ऐकतो' असे त्यांना कुणी म्हटलेच नव्हते. मुलींच्या बाबतीत तर घरात, वर्गात, पाहुण्यांसमोर गप्प बसण्याचेच कौतुक झालेले असते.

आता संयोजकांनी दिलेल्या विषयावर थोडे बोलते, म्हणजे त्यांचाही मान राहील. आज कोणत्याही मुलाने मोबाइलवर 'लोकमान्य टिळकांवर पाच मिनिटांचे भाषण' असे म्हटले की काही सेकंदांत भाषण तयार होऊन येते. शुद्धलेखन बरे, वाक्ये गोळीबंद, शेवटी जय हिंद. हे यंत्र कसे चालते ते मला थोडेफार कळते, म्हणून सांगते, ते यापुढे आणखी चांगले लिहील. तेव्हा लिहून आणलेले भाषण पाठ म्हणण्याच्या स्पर्धेला आता काही अर्थ उरलेला नाही. शेजारच्या काकांची जागा यंत्राने घेतली, एवढाच फरक. पण शेवटच्या बाकावरून आलेला 'मला समजत नाही, मला सांग' हा प्रश्न यंत्राला विचारून उपयोग नाही. तो त्या मुलालाच विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. म्हणजे तीस वर्षांपूर्वी सर जे करत होते तेच आज उरले आहे. बाकी सगळे फुकट झाले.

म्हणून ठरावाविषयी माझे म्हणणे मांडते. पूर्वपक्ष आधी. स्पर्धा असावी, मोठी असावी, रोख बक्षिसे असावीत, फिरती ढाल असावी, वर्तमानपत्रात फोटो यावा. त्याने मुलांना उत्साह येतो, पालक येतात, शाळेचे नाव होते. हे सगळे मला मान्य आहे. ज्यांनी यासाठी पैसे दिले त्यांची आस्थाही मी जाणते.

आता माझी बाजू. ढाल वर्षातून एक दिवस कामाला येते आणि उरलेले दिवस काचेच्या कपाटात असते. ती एका मुलाला मिळते, आणि बहुधा ज्याला आधीच बोलता येते त्यालाच. आपल्याला चिंता आहे ती खाली मान घालून बसलेल्यांची. त्यांना ढाल नको, ऐकणारा हवा. तेव्हा माझी सूचना अशी.

स्पर्धा ठेवू, पण पाठ केलेले भाषण नको. विषय आठ दिवस आधी द्यावा, बाजू चिठ्ठीने ठरावी. प्रत्येकाने आधी एक मिनिट विरुद्ध बाजू मांडावी आणि मग आपली. शेवटी समोर बसलेल्या मुलांनी दोन प्रश्न विचारावेत. गुणांपैकी निम्मे त्या उत्तरांना. विषय आपल्या अवतीभवतीचे असावेत: वडगावचा बाजार, वारणेचे पाणी, एस.टी., मोबाइल, शेती करावी की नोकरी.

याहून महत्त्वाचा दुसरा भाग. दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास बोलण्याचा तास असावा. त्यात शिक्षकांवर नवा बोजा नको, त्यांच्यावर आधीच पुरेसा आहे. तो तास आपण घ्यायचा. आपण बॅचचे साठच्या वर आहोत. सुट्ट्या, परीक्षा आणि सण वगळले तर शाळेच्या हाताशी येणारे शनिवार चाळीसच्या आत असतील. म्हणजे प्रत्येकाने वर्षातून एक शनिवार दिला तरी काही जणांची पाळी येणारच नाही. तुम्ही वक्ते असायची गरज नाही. आपल्यात डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत, एस.टी.तले आहेत, शेतकरी आहेत, गृहिणी आहेत. कुणी भाषण द्यायचे नाही. शेवटच्या बाकावर बसायचे आणि 'मला समजत नाही, मला सांग' असे म्हणायचे. बस्स. दर तासाला ज्या मुलाने आजवर तोंड उघडलेले नाही त्याच्यापासून सुरुवात करायची.

निधीतून काय घ्यायचे? एक चांगला मायक्रोफोन आणि आवाज टिपून ठेवण्याची सोय. मुलांनी स्वतःचा आवाज ऐकावा. आपण कुठे घाई करतो, कुठे शब्द गिळतो ते त्यांचे त्यांना कळेल. आणि ग्रंथालयासाठी शिवाजीरावांची पुस्तके: 'दीपस्तंभ', 'यक्षप्रश्न', 'जागर', 'कथा वक्तृत्वाची'. त्यांच्या व्याख्यानांचे ध्वनिमुद्रणही महिन्यातून एकदा वर्गात लावावे. मुले आधी कंटाळतील. आपणही कंटाळलो होतो. पण कान तयार व्हायला वेळ लागतो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली १८७५ मध्ये. तेव्हापासून महाराष्ट्राने गावोगावी चटया टाकून लोकांचे कान तयार केले. शिवाजीराव ज्या व्याख्यानमालांतून बोलले त्यांच्यामागे ही सगळी मशागत होती. ऐकणारा समाज असला तर वक्ता घडतो.

१५ जुलै २०२७ रोजी प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांच्या जन्माची शंभर वर्षे पूर्ण होतात. मोठ्या शहरांत समारंभ होतील, भाषणे होतील, ती होऊ देत. आपल्या शाळेत त्या दिवशी भाषण नको. जी मुले या शनिवारांतून बोलू लागतील त्यांतल्या पाच-सहा जणांना उभे करू आणि आपण सगळे खाली बसून ऐकू. एका शिक्षकाला याहून चांगली मानवंदना मला सुचत नाही.

शनिवारांची वही मी आणली आहे, प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जूनचा दुसरा शनिवार माझ्या नावावर लिहिला आहे. पुण्याहून येणार आहे, तेव्हा कुणीतरी चहा पाजा. पहिला शनिवार मी रिकामा ठेवला आहे. तो सरांचा. सर, ऐकू कमी येत असले तरी चालेल. मुले कागद खाली ठेवतील एवढे तुम्ही बघा.